कन्फर्म, आरएसी आणि उमरीकरकाका

आमच्या समोरच्या दारातले उमरीकरकाका लग्नाची पत्रिका हातात आली की आधी विचारतात, "कन्फर्म आहे का?" पत्रिका छापून झालेली असते, हॉल ठरलेला असतो, पण काकांचा जीव काही भांड्यात पडत नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते पत्रिका उलटीसुलटी करतात आणि म्हणतात, "मुलीकडचं कन्फर्म दिसतंय. मुलगा मला आरएसी वाटतो." आता आरएसी म्हणजे गाडीत चढायला मिळणार, पण आडवं व्हायला बर्थ मिळेलच याचा भरवसा नाही. हे त्या मुलाकडच्यांच्या कानावर गेलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे.

काकांनी पस्तीस वर्षं रेल्वे रिझर्वेशनच्या खिडकीमागे काढली. रिटायर झाल्यावर खिडकी सुटली, भाषा काही सुटली नाही. सुशीलाकाकूंनी उपम्याला फोडणी दिली की बाहेरून आवाज येणार, "कन्फर्म, का अजून वेटिंग?" काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा यांनी सर्जनला विचारलं होतं, "चार्ट कधी लागेल?" सर्जन तेलुगू. त्यांनी बिचाऱ्यांनी एक्सरे काढून दाखवला.

शिवाय काळजीचा स्वभाव. नांदेडला मेव्हण्याकडे जायचं तर हे दोघं गाडीच्या तीन तास आधी काचीगुड्याच्या फलाटावर. तिथं बसून डबा खाऊन होतो, पाणी पिऊन होतं, आणि गाडी आली की काकूंना परत भूक लागलेली असते.

मी सुलतान बाजारात एका ट्रॅव्हल एजन्सीत विमानाची तिकिटं काढते. काकांच्या मते मी त्यांच्याच जातीची, फक्त माझी खिडकी एसीतली. म्हणून जामबागच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकांची प्रत्येक काळजी आधी माझ्या दारात यायची. मला तोंड आहे आणि ते मी वापरते, हे माहीत असूनही यायची.

तेव्हा शहर भराभर बदलत होतं. विमानं अजून बेगमपेठेतूनच उडायची, पण नव्या विमानतळाच्या गप्पा घरोघर चालायच्या, आणि दिलसुखनगरला भाजी घ्यायला थांबलं तरी कुणीतरी टायवाला क्रेडिट कार्ड गळ्यात मारायचा. असंच एक कार्ड काकांच्या गळ्यात पडलं. त्यावर खरेदी केली की एका विमान कंपनीचे पॉइंट मिळत, आणि पॉइंट साठले की फुकट तिकीट. आयुष्यात कधी विमानाच्या शिडीवर पाय न ठेवलेल्या माणसाला त्या पॉइंटांनी असं काही झपाटलं की विचारू नका. खालच्या मजल्यावरच्या रेड्डींच्या मुलीचं लग्न निघालं, तर काका त्यांच्याबरोबर साड्यांच्या दुकानात दिवसभर बसून. "पैसे मला घरी द्या, कार्ड माझं मारा." रेड्डीगारूंना वाटलं, काय सज्जन माणूस. मला विचाराल तर त्या लग्नात सगळ्यात जास्त आहेर काकांनाच झाला.

मग एका सकाळी वही घेऊन आले. "मंगल, मला ब्लॉग काढायचाय. पॉइंट कसे जमवावेत, कसे वापरावेत. लोकांना काही माहीत नाही गं, फार परेशान होतात."

"तुम्ही स्वतः कधी वापरलेत, काका?"

"मी वेटिंगवर आहे," म्हणाले आणि वही उघडली.

ब्लॉग म्हणजे तेव्हा अपूर्वाईच होती. मी एजन्सीसाठी एक काढला होता, तेवढ्या जोरावर मी गुरू झाले. सल्ले दिले. विषय सोडू नका. छोटं लिहा. आठवड्याचा एक दिवस ठरवा. स्वतःला माहीत आहे तेच लिहा, ऐकीव नको. आणि मराठीत लिहिणार असाल तर मराठीतच लिहा, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू नका, वाचताना डोळे फुटतात. काकांनी प्रत्येक सल्ला उतरवून घेतला आणि शेवटच्यापुढे काट मारली. "हे नक्को," म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, कॉम्प्युटरवर मराठीचे चौकोन दिसतात. दिसायचे खरे तेव्हा, म्हणून मी गप्प बसले.

दर गुरुवारी ते मजकूर लिहून आणायचे, मी माझ्या कॉम्प्युटरवर चढवायची. आणि माझं डोकं फिरायचं. वाक्य सुरू व्हायचं पॉइंटांवर आणि जायचं भलतीकडेच. "कार्डाचं बिल तारखेच्या आत भरावं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते. आता ती जिना एकटी उतरते, काळजी नसावी."

"ती कोण?"

"असेल एखादी पॅसेंजर."

पुढच्या गुरुवारी, "सुट्ट्यांत पॉइंट जास्त लागतात. यंदा बेनिशान आंबा चांगला आला आहे, पण घरात दोनच माणसं, किती खाणार."

"काका, आंब्याचा पॉइंटांशी काय संबंध?"

"राहू दे गं."

मी कशाला राहू देते? विषय सोडू नका, हा माझा पहिला सल्ला. काका गेले की मी असली वाक्यं उडवून टाकायची. ते दुसऱ्या दिवशी येऊन गुपचूप परत घालायला लावायचे. आमची ही मारामारी चार महिने चालली.

ब्लॉगच्या कोपऱ्यात रोज किती माणसं आली याचा आकडा दिसायचा. रोज दोन. एक मी, एक ते स्वतः, माझ्याच खुर्चीत बसून नव्हे तर कोपऱ्यावरच्या इंटरनेट कॅफेत जाऊन. गुरुवारच्या मजकुरानंतर मात्र शुक्रवारी आकडा तीन व्हायचा. "तिसरा माणूस आला," काका सांगत येत. मी म्हणायची, "चुकून आला असेल." ते म्हणायचे, "दर शुक्रवारी चुकून?" आणि घरी जाताना जिन्यात काहीतरी गुणगुणत जायचे.

त्यांची आणखी एक तऱ्हा सांगायची राहिली. दर रविवारी अकराच्या सुमारास त्यांच्याकडे फोन वाजायचा. वाजला की काका स्टीलचा डबा घेऊन दही आणायला निघायचे. घरात दही असलं तरी. तासाभराने परत यायचे आणि मग एवढ्या दह्याचं काय करायचं म्हणून काकू कढी करायच्या, त्यातली पातेलंभर संध्याकाळी आमच्याकडे. वर्षानुवर्षं आम्ही रविवारी कढीभात खाल्ला. माझे यजमान म्हणायचे, या माणसाला दह्याचं वेड आहे. मलाही तसंच वाटायचं.

जुलै लागला आणि काकांची झोप उडाली. विमान कंपनीचं पत्र आलं होतं. त्यांचे जुने पॉइंट महिनाअखेर लॅप्स होणार, आणि ते गेले की उरलेल्यात एक तिकीटसुद्धा निघणार नाही. काका दिवसातून तीनदा दारात. "एकतीस म्हणजे एकतीसच्या रात्रीपर्यंत, का तीसच्या? तू कन्फर्म कर." वजन उतरलं त्यांचं. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जेवत नाहीत गं नीट.

"मग वापरा की," मी म्हणाले. "दोघं जाऊन या कुठेतरी. गोव्याला जा."

"पॅसेंजर कन्फर्म नाही," ते म्हणाले.

मला वाईट वाटलं. मन तरी रमेल म्हणून मी त्यांना न सांगता एक काम केलं. आमच्या ऑफिसातल्या एकाकडून मराठी टायपिंग शिकून घेतलं आणि दोन आठवडे खपून अख्खा ब्लॉग देवनागरीत चढवला. चौकोन नाहीत, काही नाही, पुस्तकासारखा स्वच्छ. त्या नादात आंबा, गुडघा, जिना, सगळी फालतू वाक्यंही झाडून टाकली. बुधवारी रात्री काम संपलं तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

शनिवारी सकाळी काका दारात उभे. "मंगल, तिसरा माणूस गुरुवारीच डोकावून गेला, काल आलाच नाही. कॅफेत नुसते चौकोन दिसतात."

मी त्यांना आत बसवलं आणि हौसेनं स्क्रीन दाखवला. त्यांनी बघितलं. वर गेले, खाली गेले, काहीतरी शोधत होते. मग हळूच म्हणाले, "पूर्वीचं परत येईल का गं? जसं होतं तसं?" मला राग आला. इतकं मरमर करून कौतुकाचा एक शब्द नाही. मी म्हणाले, "काका, तुमच्यासारख्या माणसाचं भलं करायला जाऊ नये." ते चपला उलट्या पायांत घालून गेले.

पाच मिनिटांत सुशीलाकाकू आल्या, भिंतीला धरत धरत. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अविला मराठी अक्षर येत नाही गं. इंग्लिश शाळेत घातला ना. जोडाक्षर आलं की अडतो आणि सोडून देतो."

अविनाश म्हणजे त्यांचा मुलगा. सहा वर्षांपूर्वी नोकरीला सिंगापूरला गेला तो आलाच नाही, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं त्या दिवशी कळलं. तो निघाला त्या दिवशी काकांनी सवयीप्रमाणे सगळ्यांना पाच तास आधी बेगमपेठेला नेऊन बसवलं आणि पाच तास एकच घोशा लावला, परतीचं तिकीट का नाही काढलंस, परतीचं कन्फर्म का नाही. शेवटी पोरगं वैतागून म्हणालं, "परत यायचंय कुणाला?" आणि हे म्हणाले, "मग येऊ नकोस."

"रविवारी त्याचा फोन येतो, तो मला," काकू म्हणाल्या. "हे दही आणायला जातात. ब्लॉगचा पत्ता मीच दिला त्याला. ह्यांना ते माहीत आहे, पण माहीत नाही असं दाखवतात."

मी खजील झाले. दुसरा शब्द नाही. सहा वर्षांत बापाने मुलाला चार शब्द लिहिले होते, आणि मी ते विषयाला सोडून आहेत म्हणून खोडत बसले होते. त्या दिवशी ऑफिसला दांडी मारली आणि ब्लॉग होता तसा इंग्रजी अक्षरांत परत चढवला. आंब्यासकट, जिन्यासकट. डोळे फुटले तरी चालतील म्हटलं.

संध्याकाळी काकांना बोलावलं. "काका, एकतीस तारखेला नऊ दिवस आहेत. पॉइंटांवर तिकीट घरच्या माणसाचं निघतं. कुणाचं काढायचं?"

त्यांनी टेबलावरचा पेपर सरळ केला. "दिवाळीचं काढ. सिंगापूरहून येण्याचं," म्हणाले. "आणि परतीचं पण. परतीचं आधी कन्फर्म कर. म्हणजे त्याला कळेल, आला तरी मी अडकवून ठेवणार नाही."

"त्याला विचारलंत?"

"नाही. ब्लॉगवर टाकू."

मी कंपनीला फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकलं. काका शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. दोन्ही तिकिटं मिळाली. मग गुरुवारचा मजकूर त्यांनी सांगितला आणि मी लिहिला: "पॉइंट लॅप्स व्हायच्या आत वापरावेत. माणसानं एकदा चुकीचं बोललं तरी ते कॅन्सल करता येतं. दिवाळीची एक सीट काढून ठेवली आहे, येणारी आणि जाणारी." एक अक्षर मी बदललं नाही.

शुक्रवारी आकडा तीन झाला. खाली उत्तर मात्र काही नव्हतं. शनिवारी काका सहा वेळा कॅफेत जाऊन आले.

रविवारी अकराला फोन वाजला. माझं दार उघडंच होतं, खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम ठेवलं होतं आणि उंबऱ्यातच उभी होते. काका डबा घेऊन बाहेर आले, दोन पायऱ्या उतरले. तेवढ्यात काकू दारात आल्या. "अहो, थांबा. तुम्हाला बोलावतोय."

काका तिथंच उभे राहिले. मग वर आले, डबा माझ्या हातात दिला, कुणाच्या हातात देतोय हे न बघता, आणि आत गेले. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. मला वाटलं, आता रडतात की काय.

"खिडकीची सीट पाहिजे का तुला?" ते म्हणाले. "आत्ताच सांग, चार्ट लागायच्या आत."

त्या रविवारी आमच्याकडे कढी आली नाही.