दोन टिपक्यांचा कंडेन्सर

लोक काहीही म्हणोत, रेडिओच्या बाबतीत माझा हात धरणारा त्या काळी निजामाच्या अख्ख्या मुलखात कोणी नव्हता. (हैदराबादेत असेल एखादा. पण तो बीडला कधी आला नाही, तेव्हा त्याला कशाला धरायचं?) मी तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकूनच. पण गल्लीत मला कोणी अहलकार म्हणत नसे, 'रेडिओवाले सुग्रीवराव' म्हणत. गावात विजेचा पत्ता नव्हता, तेव्हा माझा रेडिओ बॅटरीवर बोलत होता.

दुखणं एकच. तो बोलायचा, पण खोकत बोलायचा. बातम्या लागल्या की मधेच खरखर, मग गुरगुर, मग उरलेल्या बातम्या. मला त्याचं काही वाटत नसे, घरच्या माणसाच्या घोरण्याची सवय होतेच. पण माझे सासरे, लिंबागणेशचे सुंदरराव, पोळ्याला आले आणि चार माणसांत म्हणाले, "जावईबापू, ह्या पेटीला आधी काढा पाजा."

तेवढ्यावर भागलं असतं तर मीही हसलो असतो. पण ते पुढं म्हणाले, "बंकटच्या लग्नात तुमचा रेडिओ मांडवात ठेवू म्हणलं होतं. आता मोहनरावांचा ग्रामोफोनच आणावा लागतोय."

बंकट म्हणजे माझा मेव्हणा. मोहनराव म्हणजे माझे साडू, माजलगावचे. मी त्यांच्यावर जळतो असं कोणी समजू नये. माणूस चांगला आहे, फक्त ग्रामोफोनला किल्ली देताना तो विहीर खोदल्यासारखा चेहरा करतो, ते मला बघवत नाही.

पाहुणे गेल्यावर मनकर्णा, म्हणजे आमचं कुटुंब, चुलीत लाकूड सारायला बसली. मग म्हणाली, "मी थोरली. अन् माझ्या माहेरच्या मांडवात धाकटीच्या नवऱ्याचा बाजा वाजायचा?"

झालं. आता प्रश्न माझ्या एकट्याचा उरला नाही. मी सासऱ्यांना निरोप धाडला: दसऱ्याला ऐकायला या, साफ न्हाई वाजला तर खुशाल ग्रामोफोन आणा.

रेडिओ उघडला. आत मेणकागदाचा एक कंडेन्सर होता, बीडच्या उन्हाळ्यात त्याचं मेण वितळून खाली ओघळलं होतं. कंडेन्सर म्हणजे विजेचा रांजण. वीज भरून घेतो आणि बेताबेतानं सोडतो. (मला एवढंच ठाऊक होतं, पण एवढंही बीडमध्ये दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.) मनात आलं, बदलायचाच आहे तर भारीतला घालू.

कचेरीच्या कामानं हैदराबादला गेलतो, तेव्हा दुकान गाठलं. दुकानदारानं तसलाच मेणकागदाचा पुढं केला.

"तुमारे सेट कू येइच बस है, साब."

"ह्याच्याहून मोठा?"

त्यानं अभ्रकाचा दाखवला. तो नखाएवढा. मी तोंड वाकडं केलं. मग त्यानं ॲल्युमिनियमचा काढला, अंगठ्याहून जाड, दोन टोकांना दोन तारा. आम्ही बैल घेताना जसं बघतो तसं मी त्याला बघितलं. हातात तोलला, बोटानं ठोकला, कानाशी धरला. दात बघायची सोय नव्हती.

"हाच द्या," मी म्हणालो.

दुकानदारानं मान हलवली. "लाल टिपका है ना, वो टोक बैटरी के लाल तार कू. बिना टिपके का टोक काले तार कू. उल्टा लगाए तो फटता, फिर मेरे कू नक्को बोलो."

मला शिकवायला निघाला होता. मी नुसता हसलो.

घरी आलो तर खंडेनवमी. पाटावर विळा, कुऱ्हाड, माझी कचेरीची दौत आणि टाक मांडलेले. मी कंडेन्सर मधोमध ठेवला आणि म्हणालो, "ह्याचीबी पूजा कर. हत्यारच हाय, उद्या ह्याच्यावरच लढायचंय." मनकर्णेनं मनोभावे पूजा केली. मी हात जोडून बाहेर गेलो, कारण गल्लीत कंडेन्सरबद्दल सांगायचं राहिलं होतं.

दसऱ्याला सकाळी तारा जोडायला चुलीत लोखंडी सळई तापवली, कल्हईवाल्याकडून कथील आणलं होतं. कंडेन्सर उचलला, हळद-अक्षता पुसल्या. बघतो तर दोन्ही टोकांना लाल टिपका.

दुसरा कोणी घाबरला असता. मी क्षणभर विचार केला आणि उलगडा झाला. बाकीच्यांना एक टिपका, ह्याला दोन. म्हणजे दुकानदारानं माझी पारख बघून वरच्या प्रतीचा दिला, कसाही लावा चालणारा. मी कसाही लावला.

संध्याकाळी लोक सीमोल्लंघन करून सोनं द्यायला आले आणि माझ्या ओसरीवर बसले. सुंदरराव जरीचा फेटा बांधून रेडिओच्या अगदी पुढ्यात. शेजारी मोहनराव. दाराआड मनकर्णा.

मी बटण फिरवलं. "ये हैदराबाद है," आवाज आला. साफ. ना खरखर, ना गुरगुर. सासऱ्यांनी मान डोलावली. मी मोहनरावांकडे बघितलं, त्यांनी दुसरीकडे बघितलं. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला क्षण होता. जरा लांबायला हवा होता.

पेटीतून फोडणीसारखा चर्रर्र आवाज निघाला. मग वास. सुंदरराव पेटीच्या उघड्या पाठीमागं वाकून बघायला लागले, आणि दिवाळीतल्या सुतळी बॉम्बसारखा धडाका झाला. धूर विरला तेव्हा पेटी मुकी झाली होती आणि सासऱ्यांच्या फेट्यावर, मिशांवर कंडेन्सरमधल्या चकचकीत वर्खाचे बारीक तुकडे बसले होते.

त्यांनी शांतपणे एक तुकडा मिशीतून काढून बघितला. "जावईबापू, दसऱ्याला लोक सोनं देतात. तुमी चांदी दिली."

मोहनराव म्हणाले, "आवाज मातर साफ आला, मामा."

सगळे गेल्यावर मी डोक्याला हात लावून बसलो. "दोन टिपक्यांचा होता गं. फुटला कावून?"

"दोन कुठं," मनकर्णा म्हणाली. "एका टोकाला होतं कुंकू. दुसरं भुंडं दिसत होतं, म्हणून मी लावलं. तुमीच म्हणलं ना, पूजा कर?"

म्हणालो होतो खरा. मला वाईट वाटलं ते तिचं. ती पदरानं रेडिओ पुसत होती, आजारी माणसाचं अंग पुसावं तसं.

पण लग्नाच्या आदल्या दिवशी लिंबागणेशहून बैलगाडी आली. सुंदररावांचा निरोप होता: रेडिओ घेऊन या, मांडवात मधोमध ठेवायचाय. मनकर्णेचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "तो बोलत न्हाई, माहीत हाय ना त्यांना?" मी गाडीवानाला विचारलं. "माहीत हाय म्हणले," तो म्हणाला. मी नवी शेरवानी घातली. मुका असला तरी मान तो मान.

मांडवात रेडिओ खरोखर मधोमध ठेवला. मनकर्णेनं कुंकू लावलं. मग मोहनराव आले आणि त्यांनी ग्रामोफोन उचलून त्याच्यावर ठेवला. मांडवातली जमीन खालीवर होती, सुई घसरत होती. माझ्या सागवानी पेटीवर ठेवल्यावर एकदाही घसरली नाही. दिवसभर गाणी वाजली आणि दिवसभर मी शेजारी ताठ उभा होतो.

माजलगावकडच्या एका पाहुण्यानं जवळ येऊन पेटीवर थाप मारली. "हे टेबल कोणाचं हो? लई मजबूत हाय."

"माझं," मी छाती काढून म्हणालो.