टेकडीवरची शाळा आणि जांभळीखालची शाळा

बसा रे सगळे नीट. मागची कुजबुज बंद. आणि गोष्ट संपेपर्यंत कुणी पाणी प्यायला उठायचं नाही.

एका जंगलात दोन शाळा होत्या. जंगलात कशाला हव्यात शाळा, असं विचारू नका. आपल्याकडे कशाला आहेत, ते तरी कुणाला ठाऊक आहे?

पहिली शाळा जांभळीखाली. जुनी, गळकी, घोरपडमास्तरांची. येईल त्याला घ्यायचं, हा तिथला खाक्या. दुसरी टेकडीवर, नवी कोरी. ती सिंहमहाराजांनी एका समितीला चालवायला दिली होती. चारापाणी सरकारी, कारभार समितीचा, फी नाही. महाराजांच्या अटी दोनच. मुलं सगळ्या प्रजातींची हवीत आणि निकाल झकास हवा. समितीच्या प्रमुख होत्या उदमांजरबाई. त्यांचं बोलणं फार म्हणजे फारच गोड.

टेकडीवर प्रवेशाला ही झुंबड! शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. त्यात भागाबाई सायाळीच्या चिमीचं नाव निघालं. भागाबाईंनी आनंदानं शेजारीपाजारी रताळी वाटली. "माझी पोर काही माझ्यासारखी जन्मभर मुळं उकरत बसायची नाही," असं त्या ज्याला त्याला सांगत सुटल्या.

शाळेच्या दारावर मोठी पाटी लागली. तिच्यावर प्रत्येक प्रजातीचं एकेक लेकरू रंगवलेलं. सायाळ म्हणून आपली चिमी, अगदी पुढे, दात काढून हसणारी.

पावसाळा संपला आणि महाराजांचे मोजणीदार आले. कुठल्या प्रजातीची किती मुलं ते त्यांनी लिहून घेतलं. "वा! अख्खं जंगल आहे की तुमच्या वर्गात!" असं म्हणून, चहा पिऊन गेले.

त्यांची पाठ वळली न वळली तोच उदमांजरबाईंनी भागाबाईंना बोलावणं धाडलं.

"चिमी गुणी आहे हो. फार गुणी. म्हणूनच वाटतं, तिला जरा मोकळं वातावरण हवं."

"म्हणजे कसलं?"

"जांभळीखालचं."

भागाबाई काकुळतीला आल्या. "बाई, असं नका करू. पोरगी शिकतेय. उत्तर उशिरा देते, पण बरोबर देते."

"परीक्षेत उशिराला मार्क नसतात, भागाबाई."

"मग पाटीवरचं तिचं चित्र तरी पुसा!"

"छे छे, ते कसं पुसू? आमचा जीव आहे तिच्यावर."

भागाबाई घरी पोचेपर्यंत रडत होत्या. रडतील नाही तर काय करतील? त्यांच्यामागून आणखी बरीच लेकरं टेकडी उतरली. सगळीच गुणी होती, आणि सगळ्यांनाच मोकळं वातावरण हवं होतं. जांभळीखाली शेपूट ठेवायला जागा उरली नाही.

मग परीक्षा झाली. टेकडीवर झाडून सगळे पास. जांभळीखाली निम्मे नापास. वर्ष अर्धं झाल्यावर शाळा बदलली, धडे बदलले, चिमी बिचारी गोंधळली आणि तीही नापास झाली.

महाराज स्वतः पाहणीला निघाले. आधी टेकडीवर गेले. पाटी पाहिली, निकाल पाहिला, उदमांजरबाईंना शाल दिली. मग जांभळीखाली आले आणि गरजले.

"मास्तर, लाज कशी वाटत नाही? त्यांच्याकडे सायाळ आहे, तुमच्याकडेही सायाळ आहे. त्यांचे सगळे पास होतात आणि तुमची सायाळ नापास!"

घोरपडमास्तर हात जोडून म्हणाले, "महाराज, ती एकच सायाळ आहे."

"सबबी नकोत!" महाराज म्हणाले. आणि त्यांनी जांभळीखालची शाळा बंद करून टाकली.

दुसऱ्या दिवशी भागाबाईंनी चिमीला न्हाऊमाखू घातलं आणि टेकडीवर नेलं. दुसरीकडे न्यायचं तरी कुठे? मागोमाग सगळ्याच आया आपापली पोरं घेऊन आल्या. फाटकाशी ही गर्दी! उदमांजरबाई मागच्या दारानं निसटल्या त्या थेट दरबारात.

"महाराज, जुनी शाळा उघडा हो! आत्ताच्या आत्ता उघडा!"

"का बरं? तुम्ही तर कुणालाही शिकवता ना?"

"शिकवतो की! पण कुणालाही म्हणजे सगळ्यांना नव्हे, महाराज. आमचा निकाल बुडेल. मग तुमच्या जंगलात चांगली शाळा म्हणून दाखवणार काय?"

हे मात्र महाराजांना लगेच पटलं. संध्याकाळच्या आत जांभळीखालची शाळा उघडली. दूरदृष्टीबद्दल उदमांजरबाईंना आणखी एक शाल मिळाली.

भागाबाई चिमीला घेऊन परत जांभळीखाली आल्या. दमल्या होत्या, चिडल्याही होत्या.

"मास्तर, खरं सांगा," त्या म्हणाल्या, "तुमची ही शाळा चांगली आहे का हो?"

घोरपडमास्तरांनी सरकून चिमीला जागा करून दिली.

"नाही हो, भागाबाई," ते म्हणाले. "इथे सगळ्यांना घेतात."

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी नामांकित शाळा काढायची असेल, तर आधी शेजारी एक टाकाऊ शाळा आहे ना, ते बघून घ्या. नसेल तर आधी ती काढा.