आबांच्या मुक्कामासाठी हॉट टब

हॉट टब घ्यायचा निर्णय माझा एकट्याचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी बायको ऋतिका ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतेच.

झालं काय, माझे सासरे मोतीलाल आबा, सावद्याचे, केळीवाले. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही ही त्यांची जुनी रीत. धुळ्याला येतात, चहा घेतात, केळीचा घड ठेवतात आणि शेवटच्या गाडीने परत. मग ऋतिका रात्रभर भिंतीकडे तोंड करून झोपते, जणू गाडी मीच चालवतो.

तर माझा प्लॅन असा. आबांची कंबर धरलेली. गरम पाण्यात तासभर बसले की अंग सैल पडणार, डोळ्यावर झापड येणार, गाडी चुकणार. झाला मुक्काम. म्हणून हवा भरायचा हॉट टब ऑनलाइन मागवला आणि देवपूरच्या आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर मांडला. मे महिन्यात. धुळ्यात. (हे दोन शब्द मी तेव्हा एकत्र वाचले नव्हते.)

आबा येणार त्याच्या आदल्या दिवशी टब कपड्यांच्या पावडरीने लख्ख धुतला. बोअरचं पाणी भरलं, बटण दाबलं, तर बुडबुडे राहिले बाजूला, नुसता फेस. टबभर फेस, गच्चीभर फेस. खालून घरमालकीण वच्छलाअक्का आल्या.

"काय रे भो, गुऱ्हाळ लाई राहिना का?"

यूट्यूबवरचा गोरा माणूस हसत सांगत होता, सगळं पाणी बदला. त्याच्याकडे नळाला रोज येत असेल. मी पिठाच्या चाळणीने फेस काढत बसलो. फेस संपला तर पंप बंद. फिल्टर उघडला, आत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. तो चिंचेच्या कोळात भिजवून टूथब्रशने घासला.

"आमटीला चिंच नाहीये," ऋतिका आतून म्हणाली, "आणि तो ब्रश माझा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आले. मी त्यांना थेट गच्चीवर नेलं. तिथे अक्कांचे बिबडे वाळत होते, ज्वारीचे पापड हो, वर्षभराचे, जुन्या साड्यांवर ओळीने. त्यांच्या कडेकडेने आबा टबापर्यंत आले.

"ह्यात म्हैस बसवता का, जावईबापू?"

"तुम्ही बसायचं, आबा. कंबर मोकळी होते."

"बसमधून आत्ताच घामाची अंघोळ झाली. मले कायले अजून?"

पण मागोमाग वर आलेल्या लेकीकडे बघून विरघळले. बंडी काढली, टॉवेल गुंडाळला, एक पाय आत घातला आणि तितक्याच वेगाने बाहेर काढला. मशीन किंचाळून बंद पडलं. पाणी जास्त तापलं होतं. हीटर मी लावलाच नव्हता, ते काम सूर्याने केलं होतं.

"बर्फ आण," ऋतिका दातओठ खात म्हणाली.

"हॉट टबमध्ये?"

"मग आबांना उकडायचंय?"

बर्फवाल्याने विचारलं, रसवंती टाकली का भाऊ. मी हो म्हणालो. (खरं सांगायला छाती लागते.) लादी खांद्यावर घेऊन धापा टाकत वर आलो आणि तशीच टबात सोडली, वरच्या भुशासकट. भुसा फिल्टरात गेला. लादी वितळेना. आबा टॉवेलवर उभे. मला घाई सुटली, मी जिन्यातली सब्बल, म्हणजे पहार, उचलली आणि लादी फोडायला घातली.

पहिल्या घावात बर्फ फुटला. दुसऱ्या घावात टब.

टब आधी एका बाजूला कलला, मग आडवाच झाला, आणि सगळं पाणी बिबड्यांवरून जिन्याकडे निघालं. अक्का वर आल्या तेव्हा बिबडे त्यांच्या समोरून पायऱ्या उतरत होते.

"मना बठ्ठा बिबडा वाही गयात रे," एवढंच बोलून त्या मटकन बसल्या.

मी काही बोलायच्या आत आबा टॉवेल खोचून बिबडे वेचायला लागले. ऋतिका लागली. मीही लागलो, पण माझ्या हातातून अक्का प्रत्येक बिबडा काढून घेत होत्या. वेचता वेचता अंधार पडला आणि शेवटची गाडी गेली.

म्हणजे प्लॅन यशस्वी. ऋतिकाचे डोळे चमकले. "आबा, आता इथेच राहा."

"रीत म्हणजे रीत, बेटा. मी स्टँडवर झोपतो."

तिचा चेहरा असा पडला की मला कालचा फेस बरा वाटला. तेव्हा अक्का कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमना घर ऱ्हावा. ते काय पोरनं घर शे का?"

आबांनी क्षणभर विचार केला. रीत तपासली. बसत होती.

थोड्या वेळाने ऋतिका बॅग भरताना दिसली.

"तू कुठे?"

"माहेरी. आबा आहेत ना खाली. चार दिवस राहीन म्हणते."

मी तिला सोडायला जिना उतरलो. आबांनी दार उघडलं, रीतीप्रमाणे पाटावर बसवलं, पाणी दिलं. "लेकीले लगेच नका नेऊ, जावईबापू," म्हणाले. आतून पिठल्याचा वास येत होता. मी पाय पसरून बसलो. तेवढ्यात अक्कांनी मला कुंकू लावलं, हातात टॉवेल-टोपी ठेवली आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

जावयाची रवानगी झाली होती. जेवणाचं कोणीच काढलं नाही. वर येऊन मी टॉवेलने अंग पुसलं आणि चिंचेशिवायची आमटी थंडच खाल्ली.