विषयाला बगल देऊ नका!

लोकशाही जिवंत ठेवायला देशात जी मोजकी माणसं झटत आहेत, त्यांत गोंदिया जिल्ह्यातून मी आहे! हसू नका. दोन हजार चौदाच्या विधानसभेच्या वेळी मी व्हॉट्सॲपवर 'कामठा विचारमंच' नावाचा ग्रुप काढला. तेव्हा एका ग्रुपात पन्नासच माणसं मावायची, आणि माझ्याकडे अकरा जण वेटिंगवर होते! मी राहतो फुलचूरला, एका शाळेत कारकून आहे. पण गाव कामठा, मतदार यादीतलं नावही कामठ्याचंच. त्यामुळे गावाला शहाणं करण्याची जबाबदारी ओघानंच माझ्यावर आली.

नियम कडक होते. शुभ सकाळ नाही, फुलं नाहीत, वाढदिवस नाहीत. फक्त राजकारण! आणि काय चर्चा व्हायची म्हणून सांगू! खुशाल काय, भैयाजी काय, एकेक जण असा भांडायचा, की मंत्रिमंडळ कामठ्याच्या चौकातच ठरणार आहे असं वाटावं. मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "अल्का, ही चर्चा निवडणुकीपुरती नाही. निकाल लागू दे, नवा आमदार आमच्या ग्रुपला घाबरून राहील!"

"पहिले गॅसचा नंबर लावा," अल्का म्हणाली. "तीन दिवसांपासून सांगून राहिली मी."

ग्रुपवर माझा सगळ्यात कट्टर विरोधक होता उमराव. उमराव म्हणजे माझा शाळेपासूनचा जिवलग. त्याच्या पणज्यानं गावाचा तलाव बांधला, माझ्या पणज्यानं त्याच तलावाच्या पाळीवर माती टाकली, आणि आम्ही दोघं त्यात म्हशींबरोबर पोहलो. दर रविवारी मी त्याच्याकडे चहाला जाणार म्हणजे जाणारच. समोरासमोर कधी राजकारणाचा शब्द न काढणारा हा माणूस ग्रुपवर मात्र आकडेवारी देऊन माझी सालटी काढू लागला! सिंचन किती टक्के, भारनियमन किती तास! मी चिडलो. रविवारचा चहा बंद केला. तत्त्वाचा प्रश्न होता!

मतदानाला आठ दिवस उरले असताना मी त्याला असं कोंडीत पकडलं, की विचारू नका. सगळा ग्रुप उत्तराची वाट बघतोय, आणि त्याच्या नंबरवरून उत्तर काय यावं? 'बाबांचा पाय मोडला. घरी या.'

अहो, उमरावचा बाप जाऊन सोळा वर्षं झाली होती! तिरडीला मी स्वतः खांदा दिला होता! वादात हरायला लागला म्हणून काय माणसानं मेलेल्या बापाचा पाय मोडावा? मी लिहिलं, 'विषयाला बगल देऊ नका!' लगेच खुशालनं लिहिलं, 'ॲडमिन, खरं आहे ते.' मागोमाग भैयाजी, 'खरंच मोडला.' दोघंही उमरावच्याच पक्षाचे! मी काय दूधखुळा आहे? दोघांना तंबी दिली, उमरावला ग्रुपमधून काढून टाकलं आणि त्याच्या जागी वेटिंगवरचा उदाराम आत घेतला.

"भाऊजीले एक फोन तं लावा," अल्का म्हणाली.

"त्यानं लावावा! खोटं तो बोलला!"

मतदानाच्या दिवशी कामठ्याला गेलो, मत टाकलं आणि उमरावच्या गल्लीकडे न बघता परत आलो.

निकाल लागला. माझा उमेदवार पडला. मी ग्रुपवर लेख टाकला, 'पराभवाची बावीस कारणे'. शांतता! दुसऱ्या दिवशी नव्या आमदाराला जाहीर जाब विचारला. शांतता! फोन बिघडला असेल म्हणून अल्काच्या फोनवरून स्वतःलाच 'हॅलो' पाठवलं. ते आलं! दिवाळी आली नि गेली. शेवटी नाइलाजानं मीच लिहिलं, 'ॲडमिन पक्षपाती आहे असा काहींचा आरोप आहे, सभासदांनी बोलावं.' एकानंही 'हो, आहे' म्हणू नये? दोन दिवसांनी एक उत्तर आलं. उदारामचं. 'धान कापाले जास्तीचा इळा कोनाजवळ हाये का?'

नियमभंग होता. पण मी त्याला काढलं नाही. ग्रुपात तेवढाच एक आवाज उरला होता.

मग लोकशाही वाचवायला मी स्वतः कामठ्याला निघालो. भैयाजी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकून धान कापत होता.

"भैयाजी, ग्रुपवर काऊन बोलत नाही बे?"

"कोनत्या?"

"अरे, विचारमंच! पाणी, वीज, आमदार!"

"हाव, हाव." त्यानं कंबर सरळ केली. "कोन आला मंग निवडून?"

खोटं नाही सांगत! ज्या माणसानं महिनाभर माझी झोप उडवली होती, तो मला हे विचारत होता!

"कसा हाये, रत्नपाल," तो म्हणाला, "तवा धान पिकाचा बाकी होता. बांधीतलं पानी सोडून बसलो होतो, हातले काम नोयतं. म्हून बोलत होतो. आतं धान झडून राहिला. तू रिकामाच दिसतेस, तं ह्या दोन बांध्या कापून दे."

ज्याला मी जनजागृती समजत होतो, ती धान पिकेपर्यंतची रिकामपणाची सोय होती! मला तिथंच शेताच्या धुऱ्यावर बसून रडावंसं वाटलं.

"आन उमरावचा पाय कसा हाये?" भैयाजीनं पुन्हा वाकत विचारलं. "पाळीवरून पडला तं चांगलाच मोडला. तुले तं माहीतच असन."

मी गाडीला किक कशी मारली, मला आठवत नाही. उमराव ओसरीत खाटेवर बसला होता. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, शेजारी कुबड्या.

"आला का बे!" तो म्हणाला. "महिना झाला, वाट पाहून राहिलो. काऊन नाही आला?"

"तूच... ग्रुपवर... ते आकडे..."

"मले कुठं लिहिता येते मोबाइलवर? माहा फोन पुष्पांजलीजवळ राहते. स्पर्धा परीक्षेची तयारी करून राहिली ना, तीच लिहे. मंग एक दिवस म्हणाली, बाबा, ग्रुप बंद झाला."

दारात त्याची पोरगी पुष्पांजली उभी होती. तिचे बाबा! पाय तिच्या बाबांचा मोडला होता! आणि मी काय लिहिलं, कुणाला काढलं, यातलं अक्षरही तिनं बापाला सांगितलं नव्हतं. "काकाजी, चहा टाकते," एवढंच म्हणून ती आत गेली. मला तिच्याकडे बघायची लाज वाटली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मत तरी टाकलं ना रे?"

"कसा जाऊ? दर वेळी तुह्याच गाडीवर बसून जातो ना आपण! तू येशील म्हून नवा सदरा घालून दिवसभर बसलो इथंच. आन यंदा तं तुह्याच मानसाले द्याचं होतं मत. पुष्पांजली तुहे मेसेज वाचून दाखवे. तिले नाही पटत. मले पटले होते."

पन्नास माणसं, महिनाभराची चर्चा, आणि माझं म्हणणं पटलं ते फक्त एकाला. नेमका तोच मी काढून टाकला होता!