पाणी पिऊन पुन्हा

श्रीनिवासराव दूध सांगायला बाहेर पडले आणि थोड्याच वेळात परत येऊन ओसरीवर बसले. "कमलाक्षी, पाणी दे."

कमलाक्षीबाईंनी पाणी आणलं. अपशकुन झाला की घरी यावं, बसावं, पाणी प्यावं आणि आधीचं निघणं झालंच नाही असं समजून नव्यानं निघावं, हा नियम श्रीनिवासरावांनी ओरत्तनाडूच्या कचेरीत नोकरी असतानाही पाळला होता. त्यामुळे कचेरीला उशीर होई, पण तिथे तो कुणाला जाणवत नसे.

"आज काय झालं?"

"मांजर. एकोजीच्या बायकोला दोन लिटर दूध पाठव म्हणून सांगितलों, पुढे पानं आणायला निघालों, तर आडवंच गेलं की!"

"म्हणजे दूध सांगून झालं ना?"

"त्या निघण्याचं काय खरं? पुन्हा सांगतों." पेला खाली ठेवून ते निघाले.

त्या दिवशी पापनाशमहून राममूर्ती यायचे होते. ते एका साखर कारखान्याचे मॅनेजर. कारखान्याचा कपाटाएवढा जुना संगणक मोडकळीला आला होता, सुटे भाग मिळत नव्हते. श्रीनिवासरावांच्या मुलानं, मुरलीकृष्णनं, नव्या छोट्या संगणकात त्या जुन्याचं हुबेहूब सोंग उभं केलं होतं. राममूर्तींना ते पसंत पडलं तर मुरलीला इथेच काम मिळणार होतं. नाहीतर मद्रासला मामाच्या घरी राहून, मामाचे उपदेश ऐकत नोकरी शोधणं आलं. देश नुकताच जगाला खुला झाला होता, पण मामा अजून झाला नव्हता.

आणि नेमकं आजच सोंग बिघडलं होतं. रीसेटचं बटण दाबलं की संगणक नव्यानं सुरू व्हायचा आणि मधेच गोठायचा. दोष होता डिस्कचा कारभार पाहणाऱ्या भागात. पण तो नेमका कुठे, हे मुरलीला सापडत नव्हतं. कारखान्यात वीज सारखी जायची, तेव्हा राममूर्ती पहिलं तेच बटण दाबणार हे ठरलेलं.

श्रीनिवासराव पुन्हा आले. आता लाकडाची मोळी समोरून आली होती. या खेपेला दूध एकोजीच्या भावाला सांगून झालं होतं. पाणी पिऊन ते तिसऱ्यांदा निघाले आणि खुद्द एकोजीला दूध सांगून, पानं घेऊन सुखरूप घरी आले.

मग एकोजीची बायको दूध घेऊन आली. तिच्या मागोमाग भाऊ आला. शेवटी एकोजी आला. कमलाक्षीबाईंची पातेली संपली. त्या वासानं मांजरही येऊन फाटकाशी बसलं.

"अहो, हे काय?" बाई कडाडल्या. "तुम्ही पाणी पिऊन सगळं विसरलात. पण ज्यांना सांगितलंत, ते कसे विसरतील? पुन्हा निघताना आधीचं दूध नको म्हणून सांगायला नको?"

आत मुरली ताडकन उठला. "आई! तेच झालंय!"

"काय तेच?"

"रीसेट केल्यावर संगणक सगळं विसरतो, पण डिस्ककडे आधीचा हुकूम तसाच राहतो. ती मागाहून तो बजावते, आणि हा म्हणतो, मी कधी सांगितलं? आधी हुकूम रद्द करायला हवा!"

"कर मग. आणि हे दूध कोण रद्द करणार?" असं म्हणून बाईंनी बासुंदी आटवायला घेतली.

राममूर्ती मोटारीतून आले, बासुंदी खाल्ली आणि बटण दाबलं. संगणक निमूट सुरू झाला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा झाला.

"शभाष, तंबी! सोमवारपासून ये कामाला," म्हणून ते उठले. श्रीनिवासरावांना इतका आनंद झाला की त्यांनी डबी काढून तपकिरीची चिमूट ओढली. राममूर्तींचा पाय उंबऱ्यावर, आणि श्रीनिवासरावांना शिंक आली. एकच.

राममूर्ती मागे फिरले आणि बसले. "वैनी, पाणी द्या." पाणी पिऊन ते प्रसन्नपणे म्हणाले, "हं, तंबी. काय दाखवणार होतास?"

"पण आत्ताच तुम्ही सोमवारी ये म्हणालात की!"

"ते मघाचं. मधे शिंक झाली नव्हे?"

सकाळभर खपून मुरलीनं यंत्राला विसरायला शिकवलं होतं. त्यानं मुकाट्यानं पुन्हा सगळं दाखवलं. राममूर्तींनी पुन्हा बासुंदी खाल्ली, पुन्हा सोमवार सांगितला. कमलाक्षीबाईंनी नवऱ्याची तपकिरीची डबी काढून घेतली. राममूर्ती सुखरूप मोटारीत बसले, मोटार निघाली, आणि फाटकाशी बसलेलं मांजर उठून आडवं गेलं.

मोटार मागे आली. "वैनी, पाणी."

बाईंच्या हातातला पेला मुरलीनं वरच्यावर घेतला. "देतो, सार. आधी सांगा, सोमवार आहे ना?"

"आहे की."

"पाणी प्यायल्यावरही?"

राममूर्ती विचारात पडले. ते नियमाचे पक्के होते आणि खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, संगणकाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे.

"मग पाणी राहूं दे," ते म्हणाले. "वैनी, बासुंदी उरली आहे काय?"