लगेच हो बोलू नका

"मत तुम्हालाच" असं म्हटलं की हसूकाकांचा चेहरा पडतो. प्रचार करणाऱ्या माणसात हा दोष मोठाच म्हणायचा.

काका मूळचे पनवेलजवळच्या कोन गावचे. जमीन गेली, काकी गेल्या, तेव्हापासून आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहतात. महापालिकेच्या निवडणुकीला त्यांचा लांबचा भाचा उभा राहिला आणि आमची बिल्डिंग काकांच्या वाट्याला आली. पहिल्या संध्याकाळी गळ्यात उपरणं, हातात पत्रकं घेऊन ते आले. मी हिशेबाच्या कामातला माणूस. कुणाला टांगून ठेवणं मला जमत नाही. दारातच सांगून टाकलं, "काका, मत तुमच्या भाच्यालाच."

काका नाराज झाले. "लगेच हो बोलू नका. लगेच हो बोलनारा लगेच नाय पन बोलतो. विचार करा, उद्या येतो."

आले. चहा घेतला. गटाराबद्दल बोलले, मग भाताबद्दल, मग आमच्या हिच्या गुडघ्याबद्दल. उमेदवाराचं नाव निघालं ते चप्पल घालताना.

"काका, पटलं हो आम्हाला," ही म्हणाली.

"पटलं नाय बाय, तुमी कंटाळलाव. उद्या येतो."

मी गुणाकार करून पाहिला. या वेगाने आमचा प्रभाग पुढच्या निवडणुकीपर्यंत जेमतेम संपला असता.

भाच्यालाही ते कळलं असावं. एकदा त्याने काकांना आमच्याच सोफ्यावर गाठलं. "मामा, बाकीची पोरं तासात बिल्डिंग संपवतात."

"संपवतात म्हंजे? मानसं हायत का जेवन?"

"उद्यापासून तुम्ही ऑफिसात बसा. चांगली खुर्ची देतो."

"खुर्च्या माझे घरी पन हायत," काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्याकडे आले.

भाचा निवडून आला. त्यानंतरच्या रविवारी बेल वाजली. दारात काका. उपरणं नाही, पत्रकं नाहीत. मोकळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं.

"भाचा आला निवडून. सांगायला आलो."

"कळलं, काका. अभिनंदन."

"हां. मंग झालं आपलं काम." ते जिन्याकडे वळले.

ठरलेली गोष्ट ठरली नाही असं मी सहसा सांगत नाही. तरी म्हणालो, "काका, पुढच्या निवडणुकीचं माझं अजून काही नक्की नाही."

ते थांबले. "नाय ठरलं?"

"नाही. पटवावं लागेल."

"घाई नाय," म्हणत काकांनी चप्पल काढली. "पाच वर्सं हायत."