पोतंभर रांगोळी

फेल्डहोवन या डच गावातल्या त्या गल्लीत थंडीच्या कडाक्याची सर्वांत जास्त वाट कोण पाहत असेल, तर तो रमेश. यंदा त्यानं खेमेंतेच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, हिवाळी स्वयंसेवकांत नाव घातलं होतं. नारिंगी जाकीट, फावडं आणि बर्फ वितळवायला पोतंभर मीठ मिळालं होतं. काम एकच, सायकलच्या रस्त्यापासून घराच्या दारापर्यंतचा उतार निसरडा होऊ द्यायचा नाही. "आपल्याकडे कोणी घसरणार नाही," असं त्यानं गल्लीच्या ग्रुपवर जाहीरही करून टाकलं होतं.

शनिवारी इशारा आला. दुपारी पाऊस, जमिनीला टेकताच गोठणारा. खेमेंतेच्या मारेइकेबाई पाहणीला येणार होत्या. रमेश जाकीट चढवून जवळजवळ नाचतच शेडमध्ये गेला. पोतं रिकामं होतं.

"आई, इथलं मीठ कुठंय?"

"मीठ होतं ते?" पुण्याहून आलेल्या शोभाताई हात झटकत म्हणाल्या. "मला वाटलं, आजच्या हळदीकुंकवाला हौसेनं रांगोळी आणलीस. जाडीभरडी होती, पण बसला हात."

उतारावर मधोमध कमळंच कमळं होती. चालायला दोन्ही कडा तेवढ्या सोडलेल्या. पाऊस आला, कडा काचेसारख्या गोठल्या, कमळं मात्र नुसती ओली राहिली. मीठ लागू पडलं होतं, रमेशला आनंद मावेना.

मग पाहुण्या आल्या. पैठणीवर जाडजूड कोट घातलेली नीलिमा कमळांपाशी थबकली, "किती सुरेख," म्हणाली, आणि कडेला पाय ठेवून थेट झुडपात गेली.

"उत्तरावहिनी, तुम्ही रांगोळीवरून या," रमेश कळवळून म्हणाला.

"भलतंच काय? हळदकुंकू वाहिलंय त्यावर," म्हणत उत्तरा दुसऱ्या कडेनं निघाली आणि पलीकडच्या झुडपात बसली.

"अहो, मीठ आहे ते. तुडवा, प्लीज."

"रमेश," शोभाताई कडाडल्या, "सवाष्णींना रांगोळी तुडवायला सांगतोस?"

एवढ्यात मारेइकेबाई आल्या. पायांत भक्कम बूट. रमेशचा जीव भांड्यात पडला, ही बाई तरी मधून येईल. बाईंनी कमळांचा फोटो काढला, कौतुकानं मान हलवली आणि अदबीनं कडेला झाल्या. त्यांना सावरायला रमेश धावला. दोघंही घसरत दारात येऊन बसले.

शोभाताईंनी बाईंना बसल्या जागी कुंकू लावलं, तिळगूळ दिला. रमेश परत करायला जाकीट काढू लागला.

"इतकं एकसारखं मीठ आमच्या मीठ टाकायच्या गाडीलाही टाकता येत नाही," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "यापुढे आईंनाच टाकू दे. फक्त नक्षी नको."

रमेशनं ते मराठीत सांगितलं.

"नक्षी नको, तर मी कशाला?" शोभाताई म्हणाल्या. "तेवढ्याला तू आहेस की."